गजाला लावलेलं तेल

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. चौथीपर्यंतच शिकले, वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

आज माहेरी आलेल्या लेकीने व्हायोलिनच्या गजाला घासायच्या राळेची डबी उघडली आणि त्या वासाने मला तिच्या लहानपणीचा वाटूरच्या शाळेतला कार्यक्रम आठवला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिच्या व्हायोलिनचा गज तारांवरून नुसता घसरत होता, आवाजच निघेना.

सासूबाई म्हणाल्या, "गजाचे केस लई कोरडे पडल्ते, म्हून खोबरेल चोपडलं."

पोर रडायला लागली. मी लाकूड न भिजवता ते केस रिठ्याच्या पाण्याने धुतले, वाळवले आणि तारेवर पकड यावी म्हणून त्यांना राळ घासली.

संध्याकाळी तिने भूप वाजवला तेव्हा सगळी शाळा चिडीचूप झाली.

सासूबाई म्हणाल्या, "पाय गं, तेलानं कसं बराबर वाजून राह्यलं."

मागून कुणीतरी विचारलं, "कोणाची पोर हाय?"

एरवी चारचौघांत कुणी काही विचारलं की मी मान खाली घालते. त्या दिवशी मागे वळून म्हणाले, "माझी."