चुकलेलं वाक्य

ग्रंथालयात त्याला सगळे ‘चिठ्ठीवाले’ म्हणत. नवी कादंबरी आली की तो ती वाचून काढी आणि आतल्या पानावर चिठ्ठी चिकटवी. चिठ्ठीवर एकच वाक्य, पुस्तकाला काय म्हणायचंय ते सांगणारं.

सुरुवातीला मुख्य ग्रंथपाल वैतागले होते. “नुसतं ‘विरह’ लिहा की! एवढी लांबण कशाला?”

“साहेब, विरह हा विषय झाला. विरहाबद्दल पुस्तक काय सांगतं, ते नको का लिहायला?”

साहेबांनी हात जोडले आणि पुन्हा त्याच्या वाटेला गेले नाहीत.

घरी त्याची वाक्यं ऐकायला बायको होती. भाजी निवडता निवडता ती हटकायची, “हे पुस्तकातलं, की तुमच्या मनातलं?” मग तो निमूट पुन्हा पानं चाळायचा. दोन वर्षांपूर्वी, आठ दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. मुलगी लांब, तिच्या संसारात. घर खायला उठायचं, म्हणून तेरावं उरकताच तो कामावर हजर झाला. सहकारी दोन दिवस हळू आवाजात बोलले, नंतर आपापल्या कामाला लागले. त्याच्याशी काय बोलावं, हे कुणालाच सुचत नव्हतं.

एका दुपारी दवाखान्यातली एक परिचारिका टेबलाशी आली. तिने पुस्तक उघडून चिठ्ठीवर बोट ठेवलं. ‘दुःख बोलून दाखवलं की हलकं होतं.’

“काका, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. का बरं?”

“माझी आई गेली. ही चिठ्ठी वाचूनच मी पुस्तक नेलं. पण यातला नावाडी भाऊ गेल्याचं प्रत्येक उतारूला सांगतो, आणि लोक पाण्याकडे बघत बसतात. बोलून त्याचं काहीच हलकं होत नाही.”

“शेवटी होतं ना?”

“शेवटी तो बोलतच नाही! रडणाऱ्या बाईचं ऐकत नाव वल्हवतो. तुम्ही शेवट वाचलात ना?”

तो ओशाळला. चिठ्ठीवरची तारीख बायको गेल्याच्या महिन्यातली होती. शेवटची चाळीस पानं त्याने वाचलीच नव्हती. तेव्हा कुणीतरी आपलं ऐकावं, असं त्याला फार वाटत होतं, आणि तेच त्याने पुस्तकाच्या तोंडी घातलं होतं.

“चुकलो, ताई. बसा पाच मिनिटं.”

त्याने तिथेच शेवट वाचला. जुनी चिठ्ठी ओल्या बोटाने सोडवली. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं: ‘स्वतःचं दुःख कितीही सांगितलं तरी उतरत नाही, दुसऱ्याचं ऐकून घेताना मात्र ते थोडं सोसवतं.’

तिने वाचलं. “‘थोडं’ बरं घातलंत. नावाड्याला पुरतं बरं कुठे वाटतं?”

“आई कशा होत्या तुमच्या?” त्याने विचारलं.

ती बसली आणि अर्धा तास बोलली. तो ऐकत राहिला. स्वतःच्या बायकोचं नाव त्याने काढलं नाही. जाताना ती म्हणाली, “येते हं, काका.” पुढे तिची बदली झाल्याचं त्याच्या कानावर आलं.

बायको गेली त्या महिन्यात चिठ्ठ्या लावलेली अकरा पुस्तकं त्याने घरी नेली. आता हटकायला कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक वाक्य तो स्वतःच मोठ्याने वाचायचा आणि ते पुस्तकात कुठे आहे, ते पान शोधायचा. चार वाक्यं बदलावी लागली.