पोळ्यानंतर आलेली झूल

पार्सलं साचतात तसे किस्सेही साचतात. जवळा बाजारला माझं कापडाचं दुकान आहे. कुरिअरची गाडी आजूबाजूच्या खेड्यांत जायला नाखूष, म्हणून सगळ्यांचा माल माझ्याच कपाटात टाकून मोकळी होते. लोक पार्सल घेऊन जातात, शिव्या मात्र माझ्याकडेच ठेवून जातात! त्यातलं छापण्याजोगं तेवढं सांगतो.

* * *

शेजारचे चपलांचे दुकानदार किसनराव आणि कुरिअरवाला गजानन माझ्या ओट्यावर एकच चहा दोघांत पीत बसले होते. दिवाळी तोंडावर आलेली. किसनरावांच्या मोबाईलवर मेसेज आला : ‘आम्ही आलो होतो, आपण घरी भेटला नाहीत.’

किसनरावांनी शेजारी पाहिलं. "काहून रे गजानन, मी तुला दिसून न्हाई राहिलो का?"

"दिसून राहिले ना भाऊ! पण गाडीच आली न्हाई आज."

"मंग तसं लिव्ह की!"

"कसं लिवू? ‘गिऱ्हाईक घरी नाही’, ‘पत्ता चुकला’, ‘घ्यायला नकार दिला’, एवढीच बटनं हायेत. कंपनीची चूक, असं बटनच न्हाई!"

* * *

शोभाताईंचा भाऊ फौजेत. बऱ्याच वर्षांनी राखीला सुट्टी मिळाली, म्हणून ताईंनी हौसेनं चांदीची राखी मागवली. ती आली तेव्हा भावाची गाडी कधीच सुटली होती. ताईंनी माझ्या दुकानातूनच कंपनीला फोन लावला. तिकडून मंजुळ आवाज : "मॅडम, वस्तू तुटलेली आहे का?"

"न्हाई."

"मग परतावा मिळणार नाही. वस्तू शाबूत आहे ना?"

"व्हय बाई, राखी शाबूत हाय. आता हात पाठवा!"

* * *

पुसेगावचा एक जावईबापू पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. हा राखीचा किस्सा ऐकून तो मला समजावायला लागला, "काका, सणाला लोड असतो. कंपनी तरी काय करणार?"

म्हटलं, "बापू, दिवाळी काय गारपीट आहे, न सांगता यायला? कॅलेंडर तर तुमच्याच मोबाईलमध्ये आहे! नवरदेवाचा फेटा मी लग्नानंतर दिला आणि वर विचारलं, कापड तर चांगलं आहे ना? तर वऱ्हाड मलाच त्या फेट्यात गुंडाळून नेईल. सणाचा माल सणानंतर आला, तर तो खराब मालच. पैसे परत करायचे, विषय संपला!"

बापू म्हणाला, "कंपनीच्या अटींत तसं बसत नाही."

अटी लिहिणाऱ्यांच्या घरी सण होत नसावेत.

* * *

खिल्लारे सरांनी भीमजयंतीसाठी विहारावर लावायला निळ्या दिव्यांच्या माळा मागवल्या. जयंती झाली, मिरवणूक झाली, मंडप उतरला, मग माळा आल्या. सर शिक्षक माणूस. त्यांनी शुद्ध भाषेत तक्रार लिहिली. उत्तर आलं : ‘दिलगीर आहोत. पुढच्या खरेदीवर सूट देत आहोत. आठवड्याच्या आत वापरा.’

सर माझ्यापुढं मोबाईल नाचवत म्हणाले, "बघा! त्यांच्या मालानं गावोगाव पाहुणचार घेतला तरी चालतंय, आणि मी मात्र आठवड्यात पोचायचं!"

* * *

आणि आमचे दत्तरावमामा. त्यांचा हरण्या बैल थकलेला. यंदाचा पोळा त्याचा शेवटचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नव्हतं. मामांनी त्याच्या पाठीवर घालायला आरसे लावलेली झूल मागवली. रोज दुकानात यायचे, कपाटाकडं बघून निघून जायचे. पोळ्याच्या दिवशी हरण्या घरातली जुनी चादर पाठीवर घेऊन तोरणाखालून गेला. चार दिवसांनी झूल आली.

मामा हिंगोलीच्या कुरिअर ऑफिसात गेले. साहेब म्हणाला, "मामा, झूल पोचली ना? मग परतावा कशाचा? पुढच्या पोळ्याला वापरा."

"हरण्याला इचारून सांगतो," मामा म्हणाले. मग म्हणाले, "सायेब, तुमाला पोळ्याचं जेवण धाडू का?"

साहेब खूश. "कशाला तकलीफ, मामा! पण पुरणपोळी असेल तर नाही म्हणणार नाही."

मामांनी मामीला खास पुरण घालायला लावलं. डबा भरला आणि माझ्या कपाटात आणून ठेवला, पार्सलांच्या मधोमध.

"मामा, हिंगोलीला न्यायचा ना?"

"राहू दे तिथंच."

दुसऱ्या दिवशी साहेबाचा मला फोन. "शेठ, मामांचा डबा?"

मी मामांकडं पाहिलं. मामा म्हणाले, "निघालाय म्हनावं."

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "अहो, डबा?"

"रस्त्यात आहे साहेब!"

साड्या बघायला आलेल्या बाया नाकाला पदर लावायला लागल्या. मी गयावया केली, पण मामा ऐकेनात. चार दिवस पुरे भरले तेव्हा डबा घेऊन एसटीत बसले. मीही मालाचं निमित्त काढून सोबत गेलो. असला तमाशा कोण सोडतो!

मामांनी डबा टेबलावर ठेवला. साहेबानं हसत झाकण काढलं आणि खुर्चीसकट मागं सरकला.

"मामा! हे तर आंबलंय! बुरशी आलीय!"

मामांनी खिशातला पेन काढून त्याच्यापुढं धरला.

"पोचलं ना? करा सही."