बोलता येईल इतपत चाल

तपासणीसाठी पाळायच्या सूचना आदल्या दिवशी दवाखान्यातून फोनवर आल्या होत्या. त्या मी लिहून फ्रीजवर लावल्या. सकाळी चहा नाही. पोटभर खाणं नाही. पायात बूट. मिशी बारीक करून येणं, कारण तोंडावर मास्क बसवायचा आहे. आमच्या यांनी चारही ओळी वाचल्या आणि चारही मोडल्या. मंचरला गाडी थांबवून मिसळ खाल्ली, वर चहा घेतला. पायात चपला होत्या. मिशी जशीच्या तशी, दोन्ही टोकांना तेल लावलेली. मिसळ म्हणजे काय जेवण नव्हे, असं यांचं म्हणणं. पुणे येईपर्यंत मी त्या चारही ओळी यांना तोंडपाठ म्हणून दाखवल्या.

यांना गेल्या दिवाळीनंतर हृदयाचा झटका आला, स्टेंट बसवली. आता बरं आहे, पण ठोके अनियमित पडतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला नाडीचा आकडा यांच्या बाबतीत भरवशाचा नाही. हे शेती करतात आणि यात्रांच्या दिवसांत बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, निवेदनाला माईक धरतात. जुन्नर-आंबेगावात यांचा आवाज न ओळखणारा माणूस शोधावा लागेल. एक बारी, म्हणजे पुढं घोडी आणि मागं बैलांचा गाडा अशी एक धाव, संपेपर्यंत हा माणूस श्वास कधी घेतो, असं लोक कौतुकानं विचारतात. झटक्यानंतर तोच प्रश्न मला काळजीनं पडायला लागला.

आमच्या गावची यात्रा चैत्रात असते. घाटावरच्या स्टेजकडे जायला चढ आहे आणि त्या दिवशी गर्दीमुळे तिथवर मोटारसायकलसुद्धा जात नाही. तो चढ चढून यंदा यांनी माईक धरायचा की घरी बसायचं, एवढंच ठरवायचं होतं. घरी बसायचं म्हटलं की हे दोन-दोन दिवस जेवणावरून उठून जायचे. म्हणून ही तपासणी.

डॉक्टरांनी ती नीट समजावून सांगितली. चालताना स्नायूंमध्ये लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो. हळू चालत असलो तर जितका तयार होतो तितका शरीर वापरून संपवतं. मेहनत वाढवत नेली की एक जागा अशी येते, तिथून तो रक्तात साठायला लागतो, आणि साधारण तिथंच श्वासही एकदम जोरात पळू लागतो. डॉक्टर त्या जागेला उंबरठा म्हणाले. यांचा उंबरठा कुठं आहे हे कळलं की त्याच्या अलीकडे राहून काय काय करता येईल ते सांगता येईल. मला हे पटलं. मी शाळेत क्लार्क आहे. जे मोजता येतं त्याच्याशी माझं जमतं.

एका जागी उभी असलेली सायकल, नाकातोंडावर मास्क, मास्कला नळी. दर थोड्या वेळानं पॅडल जड करायचं आणि कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घ्यायचा. मशीनवरच्या मॅडमनी मास्क बसवला तर मिशीतून हवा फुसफुस करत बाहेर. पट्टे आवळले, व्हॅसलीन लावलं, तरी फुसफुस. कात्री देऊ का, असं त्यांनी हळूच विचारलं. ही मिशी घाटावर खालच्या टोकापासून दिसती, असं उत्तर मिळालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आहे तसं सुरू करा, काही हाती लागतंय का बघू.

मॅडमनी बजावलं होतं की छातीत दुखलं तरच हात वर करायचा. चौथ्यांदा पॅडल जड झालं आणि यांनी हात वर केला. मॅडम धावल्या, डॉक्टर धावले, मागोमाग मी. मास्क काढला.

"काय न्हाई," हे म्हणाले, "ईचारायचं व्हतं, ह्या सायकलीला घंटी का न्हाई?"

मॅडम हसल्या. मी आणि डॉक्टर हसलो नाही. तपासणी तिथंच मोडली. कानाच्या पाळीतून घेतलेले थेंब तेवढे हाती होते. पहिल्या तिन्हींत लॅक्टेट जवळपास सारखं, चौथ्यात एकदम वर. डॉक्टर म्हणाले, रक्त काहीतरी सांगतंय, पण श्वासाची रेघ जोडीला नाही, आणि एका थेंबावर मी काही ठरवणार नाही. पुढची तारीख यात्रेनंतरची होती. मी अलीकडची मागितली, नव्हती.

मग त्यांनी घरी करायचा उपाय सांगितला. रोज चालायचं आणि चालताना बोलायचं. सलग बोलता येतंय तोवर माणूस उंबरठ्याच्या अलीकडे. बोलणं तुटायला लागलं की उंबरठा आला, तिथं थांबायचं. चढ बोलत बोलत चढता आला तर यात्रेला जा, नाहीतर नाही. तुटलं की नाही हे कोण ठरवणार, असं यांनी विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

म्हणजे बोलण्यावरच ज्याचं नाव झालंय, त्याचं बोलणं कधी तुटतं ते मी ओळखायचं.

आम्ही संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यानं जाऊ लागलो. सपाटीचा रस्ता, मग भरावावर चढणारी वाट. चढावर यांच्या मानेची शीर फुगायची, ओठ पांढरे पडायचे, सदरा पाठीला चिकटायचा, आणि तोंड चालूच. समोरून येणारा प्रत्येक जण थांबून ऐकायचा, त्यानं आणखी चेव. मी म्हणायचे थांबा, तर हे म्हणायचे, एवढं बोलतोय, अजून काय पायजे. नियमानं बघितलं तर खरंच होतं. बोलणं कुठं तुटत होतं?

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रोज एकच ठरलेला मजकूर म्हणायला लावा. मी एकोणतीसचा पाढा दिला. पहिल्या दिवशी यांनी तो घाटावरच्या चालीत म्हटला, प्रत्येक आकड्याला शेपूट लावून, आणि भरावावर गवत कापणारी बाई विळा ठेवून ऐकत बसली. मी वैतागून पुढं निघून गेले.

त्यातूनच मला ते ऐकू आलं. पुढं असल्यामुळे यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. सपाटीवर हे माझ्याशी बोलायचे तेव्हा वाक्य लांबच लांब असायचं, मधे तीन वळणं, शेवटी टोमणा. चढावर पाढा सोडून यांनी घाटावरचं सुरू केलं होतं, आणि त्यात वाक्यच नव्हतं. आली, आली, आली. घोडी पुढं. गाडा मागं. बघा, बघा. शब्दाचं शेपूट लांबवायचं आणि त्या शेपटाआड श्वास घ्यायचा. इतक्या वर्षांची घाटावरची सवय. यांचं बोलणं तुटत नव्हतं कारण ते आधीच तुकड्यातुकड्यांचं होतं.

म्हणजे यांना घरातलं बोलणं बोलायला लावायला हवं होतं, आणि घरातलं बोलणं म्हणजे मला विरोध. दुसऱ्या दिवशी भरावाच्या पायथ्याशी मी सांगितलं की विहिरीजवळचा तुकडा यंदा तुमच्या चुलतभावाला वाट्यानं देऊ या. पायथ्याशी मला चुलतभावाच्या तीन पिढ्या ऐकायला मिळाल्या. थोडं वर गेल्यावर उत्तर दोन वाक्यांचं झालं. चढाच्या वाटेवर एक बाभूळ आहे, तिच्यापाशी मी पुन्हा म्हटलं, मग देऊ या ना त्याला.

"बरं," हे म्हणाले.

लग्न झाल्यापासून माझ्या कुठल्याही सूचनेला पहिल्या फटक्यात बरं आलेलं नाही. मी यांना तिथंच खाली बसवलं. पाणी दिलं. थोडा वेळ गेला आणि मग तुकडा का द्यायचा नाही ते सविस्तर आलं. नंतरचे चार दिवस मी विषय बदलत राहिले: नणंदेला बोलावणं, बैठकीत नवा पंखा, यांच्या जुन्या चपला टाकून देणं. दरवेळी बाभळीच्या आसपास बरं. थोडं हळू चढलो तर बाभूळ ओलांडून पुढं गेल्यावर बरं. माझं समाधान झालं. डॉक्टरांना कळवलं, तेही म्हणाले चालेल, हेच धरा, त्याच्या आत राहा.

समाधान आठवडाभर टिकलं. माझी ही युक्ती यांच्या लक्षात आली, आणि त्या दिवसापासून घरात प्रत्येक गोष्टीला बरं सुरू झालं. आमटीत मीठ कमी आहे का? बरं. गॅसवाला आला होता का? बरं. खुर्चीत बसून, पाय वर घेऊन, बरं. माझं एकमेव माप यांनी जाणूनबुजून खराब करून ठेवलं. मी भांडले, रडले सुद्धा. "अगं, मला रोज मास्क घातल्यागत वाटतंय," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. माझंही काही चुकत नव्हतं.

यात्रेच्या दिवशी चढाच्या पायथ्याशी मी पाण्याची बाटली आणि गोळ्या पिशवीत पुन्हा एकदा बघितल्या. अगदी सावकाश निघालो. वर लोणीचा एक निवेदक माईक तपासत होता, एरवी विम्याच्या पॉलिसी विकणारा गृहस्थ. यांची जागा त्याला तात्पुरती दिली होती आणि ती त्याला आवडल्याचं आवाजावरून कळत होतं. चढाच्या मध्यावर मी म्हटलं, यात्रा झाली की मिशी काढायची आणि पुण्याला तपासणीला जायचं.

"बरं," हे म्हणाले.

दमून म्हणाले की मला चिडवायला, काही कळेना. चेहऱ्यावर घाम होता, पण त्या उन्हात सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होता. मी दंड धरून यांना वाटेच्या कडेच्या दगडावर बसवलं आणि पाण्याची बाटली उघडून पुढं केली. येणारे-जाणारे विचारत होते, काय भाऊ, आज बसून? हे कुणाशी बोलले नाहीत, माझ्याकडेही बघितलं नाही. वर पहिली बारी सुटली. यांच्याशिवाय. मला वाटलं, आता हे मला आयुष्यभर ऐकवणार, आणि ऐकवू देत, पण ऐकवायला राहू देत.

विमावाल्यानं गाडा वर पोचायच्या आधीच त्याला लागलेले सेकंद जाहीर केले आणि घोडी भलत्याच गावची सांगितली. खालून लोक ओरडले.

"ह्या माणसाला कुणीतरी सांगा," हे म्हणाले, "का गाडा वर आल्याबिगर सेकंद सांगायचे नसत्यात, अन् घोडी कुणाची ते माईकवर वरडायच्या आधी निदान घोडीकडं तरी बघावं, न्हाईतर लोणीला माघारी जाऊन आपल्या पॉलिश्या ईकाव्यात."

एका दमात. मधे कुठं शेपूट नाही, आली-आली नाही. मी शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं आणि बाटलीचं झाकण लावलं.

"चला," मी म्हटलं.

"मिशी काय काढायची न्हाई," हे म्हणाले आणि उठले.