डाव्या हाताचा फोन

निवड करण्याच्या कामात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका चोखंदळ मनुष्य अख्ख्या डमडममध्ये, किंबहुना कोलकात्यातही, नसावा. छत्री घ्यायची तर दुकानदाराला वरून पाणी ओतायला लावून ते तिच्याखाली उभे राहतात. उशी घ्यायची तर दुकानातच डोळे मिटून पडतात. एकदा तर त्यांना खरोखरच झोप लागली होती. भाजीवाल्याने दिलेले किडके वांगेही मुकाट्याने घरी आणणारा मी, त्यांच्याकडे नेहमीच थक्क होऊन पाहत आलो आहे.

गेल्या वर्षी अर्धांगवायूने काकूंचा उजवा हात गेला. वाचा शाबूत राहिली. पण नागपूरच्या बहिणीशी बोलायचे तर नंबर काकांनी लावायचा आणि फोनही काकांनीच कानाशी धरायचा. "मनातलं बोलू कशी?" काकू एकदा मला म्हणाल्या. "त्यातलं निम्मं ह्यांच्याबद्दलच असतं." काकांनी ते ऐकले. न्यू टाउनमध्ये नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने सुचवले, की आता अँड्रॉइड सोडून माझ्यासारखा आयफोन घ्या, म्हणजे आईला कुठे अडले तर मला सांगता येईल. अँड्रॉइडशी इतक्या वर्षांचा संसार मोडायला काका तयार झाले. प्रश्न उरला तो लहान मॉडेल घ्यावे की मोठे, एवढाच.

हा 'एवढाच' आमच्या इमारतीला महिनाभर पुरला. काकांनी दोन्ही मापांचे पुठ्ठ्याचे फोन केले, आत तांदूळ भरून वजन जुळवले, वर पेनाने आकडे काढले आणि स्वतःचा उजवा हात गमछ्याने छातीशी बांधून घेतला. त्या अवस्थेत ते डाव्या हातातला पुठ्ठा कानाला लावून जिना उतरत, मेट्रोत बसत, बाजारात जात. मासेवाल्याने कळवळून विचारले, की दादा, हाताला काय झाले? "काही नाही, फोन घ्यायचाय," काकांनी बँकेच्या नोकरीत शिकलेल्या आपल्या बंगालीत उत्तर दिले. त्या भल्या माणसाने पुढे काहीही विचारले नाही. माशांची पिशवी मात्र त्यांच्या खांद्याला स्वतः अडकवून दिली.

अखेर निकाल लहान मॉडेलच्या बाजूने लागला, कारण डावा अंगठा सगळीकडे पोचत होता. काकूंनी पुठ्ठा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "अंगठा पोचेल हो," त्या म्हणाल्या, "पण आकडे दिसायला नकोत का मला?" काकांनी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सगळी परीक्षा पहिल्यापासून सुरू केली.

शेवटी मोठा फोन आला. त्याच्या पाठीला काकूंच्या डाव्या हाताच्या बोटाच्या मापाची कडी काकांनी बसवून घेतली होती. त्या संध्याकाळी काकूंनी नंबर लावला आणि शांतपणे सांगितले, "आता तुम्ही बाहेर जा."

काका खाली आमच्याकडे येऊन बसले. वरून काकूंच्या हसण्याचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी. काका छताकडे पाहत राहिले.

"माझ्याबद्दलच चाललंय," ते म्हणाले. "काय म्हणत असेल हो?"

इतक्यात माझाच फोन वाजला. पलीकडे काकू होत्या. "झालं आमचं बोलून. ह्यांना म्हणावं, या आता."

काका लगबगीने उठले. मी दारात उभा राहून पाहत होतो. कठडा त्यांनी डाव्या हाताने धरला होता. उजवा हात आता मोकळा होता. तरीही तो तसाच छातीशी दुमडलेला होता.