पळणाऱ्याच्या पोटात पहिलवानाचा खुराक

माझे सासरे झरीच्या तालमीत घुमलेले पहिलवान. माणूस कुस्ती खेळो, पळो नाहीतर कचेरीत बसून माशा मारो, त्याच्या पोटात दूध-तूप पडलंच पाहिजे, असा त्यांचा कायदा. निजामाचं राज्य गेलं, आमच्या घरातलं हे राज्य काही जाईना.

मी नवी नवरी होते. आमच्या ह्यांना पोलिसात भरती व्हायचं होतं. भरतीची शर्यत म्हणजे परभणीहून पेडगावला पळत जायचं नि परत यायचं. पुढं येतील त्यांनाच घेणार. पाय ह्यांचे वाऱ्याचे, पण पोट? रोज पहाटे सासरे तांब्याभर दुधात पळीभर तूप ओतून समोर उभे. हे ते पिऊन पळायला जायचे आणि वाटेत पोट धरून तुरीत बसायचे. पुढं पुढं रक्त पडायला लागलं. ते फक्त मला सांगितलं.

"मामंजींना सांगा की."

"काय सांगू? तुमचं दूध पचंना म्हणू? सोता कोरा चहा प्यायलाय म्हातारा माझ्यापायी."

"मग मी सांगते."

"जा की! पदर खोच, तालमीत उतर, अन् शड्डू ठोकून सांग!"

दोघंही तोंडात पदर कोंबून हसलो. पदर अर्थात माझाच.

शर्यतीला मी कुठली जायला! पण गावातल्या टवाळांनी तो खेळ इतक्यांदा करून दाखवला, की मला सगळा पाठ आहे. पेडगावच्या वळणावर हे सगळ्यांच्या पुढं. तिथंच सासरे तांब्या घेऊन रस्त्यात उभे. "थांब लेका! दम गेला आसंल, घे एवढं." चारचौघांत बापाचा हात कसा झिडकारायचा? हे थांबले, प्याले. थोडं पुढं गेल्यावर पोटात पीळ पडला, उलटी झाली, आणि मग कपाशीत असे बसले, की सगळे पुढं निघून गेले तरी उठता येईना. भरती हुकली.

"दूध कमी पडलं," सासरे म्हणाले.

काही महिन्यांनी आमच्याच गल्लीतला भरती झालेला पोरगा खाकी कपड्यांत भेटायला आला. सासऱ्यांनी कौतुकानं विचारलं, "कोन्ची म्हैस व्हती रं तुझ्या खुराकाला?"

"कशाची म्हैस, काका? उपाशीपोटी पळालो. पोट भरून पळलं की आतडी पिळतेत."

सासरे ह्यांच्याकडं वळले. "तुला ठाव व्हतं?"

ह्यांनी मान डोलावली.

"मंग पिलास कशाला?"

"तुमी देलं म्हणून."

त्या दिवसापासून सासऱ्यांनी ह्यांना जेवताना कधी आग्रह केला नाही. पाहुण्याला शपथा घालून वाढणारा माणूस, पोराच्या ताटाकडं बघायचासुद्धा नाही. आणि आमचे हे, जेवण झालं तरी हात वाळवत बसून राहायचे. म्हातारा एकदा तरी "घे की रं" म्हणेल म्हणून.