काकूंना दाखवलेला विनोदी सिनेमा

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या थिएटरात गोड पॉपकॉर्नचा वास आला की जयश्रीकाकू आठवतात. काका जाऊन महिना झाला होता आणि घरी दुसरं कोणी नव्हतं. मन रमावं म्हणून एका रविवारी आम्ही त्यांना जर्मनमध्ये डब केलेल्या ब्रिटिश विनोदी सिनेमाला नेलं. त्यातली विधवा दागिने चोरत होती आणि थिएटर हसत होतं.

"पकडतील का रे तिला?" काकूंनी विचारलं.

"नाही हो काकू, गंमत आहे सगळी."

"पकडू देत. तुरुंगात निदान रोज कोणी हाक तरी मारतं."

आम्ही खूप हसलो. काकू हसल्या नव्हत्या, हे आता दिसतं.

परतल्यावर त्यांना वर त्यांच्या घराच्या दारापर्यंत सोडून आम्ही जिना उतरलो. खाली पोचलो तेव्हा जिन्यातला दिवा आपोआप विझला. वर कुलूप उघडल्याचा आवाज अजून आला नव्हता.