डोळे एका कॉम्प्युटरवर, हात दुसऱ्यावर

टॉवेलच्या कारखान्यात बसणाऱ्याच्या अंगावर कापूस बसतोच. घरी आल्यावर पदर झटकला की थोडा पडतो, दुसऱ्या दिवशी परत तेवढाच. आमच्या ऑफिसच्या किस्स्यांचं तसंच आहे. भिशीच्या बायका विचारतात, "आरती, आज काय झालं गं तुमच्या कारखान्यात?" मी म्हणते, काही नाही. आणि मग सुरू होते ती चहा गार होईपर्यंत.

निम्म्याहून जास्त किस्से एकाच टेबलावर घडलेत. त्या टेबलाखाली कॉम्प्युटर दोन आहेत आणि वर स्क्रीन एक, कीबोर्ड एक, माउस एक. खुर्च्या मात्र दोन. एका खुर्चीवर मी, परदेशातल्या बायरना ईमेल लिहिणारी. दुसरीवर श्रीनिवास, आमचा डिझायनर. माणूस हुशार, चित्र असं काढतो की बघत राहावं. फक्त बोलायची वेळ आली की आवंढा गिळतो.

*

दोन कॉम्प्युटर का, तर मालकांना चोरीची भीती. आज आपल्या मागावर आलेलं फूल उद्या शेजारच्याच्या चादरीवर दिसतं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून डिझाइनच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. आमचे फोनसुद्धा सकाळी गेटवर लाकडी पेटीत जमा होतात आणि सुटल्यावर मिळतात. इंटरनेटचा कॉम्प्युटर वेगळा, तो माझा. इथपर्यंत ठीक आहे.

मी म्हटलं, "मालक, मग स्क्रीन पण दोन लागतील."

"कशाला? घरात अख्खं खटलं एका टीव्हीवर भागतंय की."

मग ते बाजारातून स्वतः डब्या घेऊन आले. एक बटण दाबलं की स्क्रीन, कीबोर्ड, माउस सगळं एकदम या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जातं, अशीही डबी मिळते म्हणे. ती महाग. मालकांनी स्वस्तातल्या दोन आणल्या. एकीच्या बटणानं फक्त स्क्रीन बदलते, दुसरीच्या बटणानं फक्त कीबोर्ड आणि माउस. म्हणजे दोन्ही बटणं आठवणीनं दाबायची. एखादं विसरलं, की दिसतो एक कॉम्प्युटर आणि टाइप होतं दुसऱ्यात.

श्रीनिवासनं एका डबीवर चिठ्ठी चिकटवली, 'डोळे'. दुसरीवर, 'हात'. तेव्हापासून आमच्या ऑफिसची भाषाच बदलली.

*

एकदा कसल्याशा तपासणीला एक साहेब आले होते. चहा पीत बसलेले. तेवढ्यात श्रीनिवास मला म्हणाला, "ताई, तुमचं झालं असलं तर डोळे द्या की."

मी म्हटलं, "डोळे घे, पण हात राहू दे. मला दोन ओळी लिहायच्यात."

"हाताशिवाय मी काय करू? परवा पण तुम्ही जेवायला गेला आणि हात घेऊन गेला."

साहेबांनी कप खाली ठेवला. मालकांच्या केबिनमध्ये जाऊन हळूच विचारलं, "या दोघांना काही त्रास आहे का?"

मालक म्हणाले, "नाही नाही. नवीन सिस्टिम बसवलीय."

*

त्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अक्षराला काम नेमून दिलंय. एक अक्षर दाबलं की पुसलं जातं, दुसरं दाबलं की रंग भरतो, तिसऱ्यानं चित्र उलटं होतं. श्रीनिवासनं आठवडाभर खपून एक मोर काढला होता. मी आपली डोळे माझ्याकडे घेऊन बसले आणि हात घ्यायला विसरले. कीबोर्डकडे बघून भराभर 'डिअर सर' लिहिलं, ऑर्डर मिळाल्याचा आनंद लिहिला, आभार मानले. वर बघते तर स्क्रीनवर काहीच नाही.

श्रीनिवासनं सवयीनं दोन्ही बटणं दाबली. मोराचं डोकं गेलेलं, पिसारा उलटा, पाय आकाशाकडे आणि सगळ्यावर लाल रंग.

चिडेल वाटलं मला. तो नुसता म्हणाला, "ताई, तुम्ही फार प्रेमानं लिहिता वाटतं."

त्याचा वचपा त्याच्याही नकळत निघाला. मोराचे वरचे पाय पुसायला म्हणून त्यानं डिलीटचं बटण दाबून धरलं, तर माझ्या कॉम्प्युटरवरचे बायरचे मेल धडाधड उडाले. मी रडकुंडीला येऊन मालकांना सांगितलं. मालक खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "बरं झालं. सगळे तक्रारीच करत होते."

*

मग मालकांनी वेळापत्रक लावलं. सकाळी मॅडमचे ईमेल, दुपारनंतर डिझाइन.

मी म्हटलं, "मालक, आपली सकाळ असते तेव्हा तिकडं मध्यरात्र असते. बायर उत्तर कसं देणार?"

"त्यांना जरा लवकर उठायला सांगा की."

मी कपाळाला हात लावला. पण वेळापत्रकाचा एक फायदा झाला. जेवणाच्या सुट्टीत स्क्रीन कुणाचीच नसायची आणि श्रीनिवासला त्या वेळेची फार गरज होती.

त्याचं लग्न ठरत होतं. म्हणजे ठरत नव्हतं, तेच तर दुखणं. मुलगी भिवंडीची, ललिता नाव, तिकडं एका लॅबमध्ये रक्त तपासते. बघण्याच्या कार्यक्रमात हा गडी मान खाली घालून नुसता पाणी पीत बसला. शेवटी तिनंच नंबर मागून घेतला आणि दोन दिवसांनी सरळ विचारलं, "लग्नानंतर मी नोकरी करायची की नाही? तुमच्या आईचं उत्तर मला कळलंय. तुमचं लिहून पाठवा. रविवारी आमच्याकडं दुसरं स्थळ येणार आहे."

श्रीनिवासला ती मनापासून आवडली होती. तिच्या नोकरीला त्याची ना नव्हती. पण घरी फोन हातात घेतला की आई समोर बसायची. तिला वाचता येत नाही, पण पोराच्या तोंडाकडे बघून सगळं ओळखते. रस्त्यात चार लोकांत त्याला सुचत नाही, गेटच्या आत फोन नाही. राहता राहिला माझा कॉम्प्युटर. वॉचमनला चहा पाजून त्याचा फोन पाच मिनिटं आत आणला आणि तिथं मी त्याला त्याचं व्हॉट्सअ‍ॅप जोडून दिलं. मालकांना कळलं असतं तर दोघांनाही घरी पाठवलं असतं, पण मला त्याची दया आली.

*

सोमवारी सकाळी त्यानं ललिताचं चॅट उघडून ठेवलं होतं. मधे मालकांनी घाई केली म्हणून तो नवीन टॉवेलच्या डिझाइनकडं वळला, कोपऱ्यात बायरचं नाव लिहिलं, तशीच बारीक अक्षरं काठाभर फिरवायचं टूल उघडलं आणि मग जेवणाची सुट्टी झाली. मी डबा घेऊन बाहेर गेले. त्यानं बटण दाबलं, चॅट दिसलं. आणि हा दोन बोटांनी टाइप करणारा माणूस खाली कीबोर्डकडे बघत, इंग्रजी अक्षरांत, मनातलं सगळं लिहीत गेला.

दाबलं होतं फक्त डोळ्यांचं बटण. हात डिझाइनमध्येच होते.

लिहून संपलं, एंटर मारला, तेवढ्यात मालक आत आले. हा घाबरला. घाईनं परत डोळ्यांचं बटण दाबलं. स्क्रीनवर अख्खा टॉवेल आला, लहान दिसणारा. त्याच्या चारी बाजूंनी बारीक, नाजूक अशी नक्षी फिरलेली.

मालक वाकून बघत म्हणाले, "बॉर्डर भरलीस व्हय? लई झ्याक दिसायलंय. सेव्ह कर, मॅडमला फोटो दे."

श्रीनिवासनं न बघताच सेव्ह केलं. त्याचं लक्ष होतं कुठं?

*

सुटल्यावर गेटवर फोन हातात आला. चॅटमध्ये त्याचा मेसेजच नाही. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून मला सांगायला लागला.

मी म्हटलं, "मग परत लिहायचं की."

"आठवत नाही ताई, काय लिहिलेलं."

"अरे, नुसतं हो लिही. नोकरी कर म्हणावं."

"नुसतं हो कुणीपण लिहितं. मी नीट लिहिलं होतं." आणि मग, "रात्री एक पाठवला मेसेज."

"काय?"

"जेवलात का."

"मग ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली, हो, आणि?"

"तू काय लिहिलंस?"

"मीपण."

त्याला तिथंच दोन द्याव्यात असं वाटलं मला. एरवी उभं जग चित्रात काढणारा माणूस, आणि ज्या एका बाईशी बोलायचं तिला जेवणाचं विचारतोय. बुधवारीही तेच. गुरुवारी तिनं उत्तर देणंच बंद केलं. श्रीनिवास खुर्चीत बसून माउस नुसता फिरवत राहिला. मला फार वाईट वाटत होतं, पण दुसऱ्याच्या मनातलं आपण कसं लिहिणार?

इकडं बायर खूश. बॉर्डर फारच सुंदर, ही कुठली नक्षी, असं विचारलेलं. मालक म्हणाले, "लिहा, सोलापूरचं पारंपरिक काम." मी लिहिलं. माग सुरू झाले आणि माल भराभर उतरायला लागला.

*

आमच्याकडं चेकिंगला युसुफचाचा आहेत. टॉवेलवर भिंग ठेवून धागे तपासणं हे त्यांचं काम. शुक्रवारी ते एक टॉवेल घेऊन आमच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"आरतीताई, ये ललिता कौन है?"

श्रीनिवास उभा राहिला.

"बॉर्डर में पूरी चिठ्ठी बुनेली है बाबा. चारो तरफ. खतम हुई की फिर से शुरू." चाचांनी टॉवेल टेबलावर पसरला, भिंग ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागले. "ललिता, मला समोर बोलता येत नाही, घसा सुकतो. तुम्ही मला आवडता. नोकरी सोडू नका. आईशी मी बोलेन. बोलता आलं नाही तर लिहून देईन, पण तुमच्याच बाजूनं."

माझे डोळे भरून आले, खरंच सांगते. श्रीनिवासचे कान लाल झाले होते.

"हेच," तो म्हणाला. "हेच लिहिलं होतं मी."

तो तसाच मालकांकडं गेला. मागोमाग मी. म्हटलं, मालक, चूक झाली, माग थांबवा, बॉर्डर बदलून देतो. व्हॉट्सअ‍ॅपचं तेवढं गाळून झालेलं सगळं सांगितलं.

मालकांनी भिंग लावून स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बायरनं पास केलंय. माग थांबणार नाही."

"पण मालक, ते माझं पर्सनल आहे."

"होतं. आता एक्सपोर्टचं आहे. आणि माल जाईपर्यंत यातला एक तुकडा गेटच्या बाहेर जायचा नाही. डिझाइन चोरीला जाईल."

मी हीच वेळ साधून म्हटलं, "म्हणून सांगत होते, दुसरी स्क्रीन घ्या."

"दोन स्क्रीन असत्या तर अशी बॉर्डर सुचली असती का मॅडम?"



*

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं टेबलाला चिकटलो. मी डोळ्यांचं बटण दाबलं, हाताचं दाबलं, आणि खात्रीसाठी एक अक्षर टाइप करून पुसलं. चाचा भिंगातून वाचत गेले, मी लिहीत गेले. श्रीनिवास आमच्या मागं उभा राहून स्वतःचंच पत्र असं ऐकत होता, जसं काही त्यालाच कुणी पाठवलंय. एंटर त्यानं मारला.

ललितानं मेसेज वाचला. उत्तर नाही. शुक्रवार तसाच गेला.

शनिवारी संध्याकाळी त्याच बायरशी व्हिडिओ कॉल होता. पहिला कंटेनर आदल्या रात्रीच बंदराकडं रवाना झालेला, त्यामुळे मालक इस्त्रीचा शर्ट घालून, छाती काढून माझ्या खुर्चीत बसले. मी शेजारी भाषांतराला. श्रीनिवास दाराशी उभा. व्हॉट्सअ‍ॅप बंद करायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

बायर कापडाच्या वजनाबद्दल काहीतरी विचारत होता आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात मेसेज आला. ललिताचं नाव. मालकांनी चष्मा वर केला आणि मोठ्यांदा वाचला.

"हो. उद्याच्या लोकांना नको म्हणून कळवलंय. पण हे तुम्ही लिहून दिलंय, लक्षात ठेवा. नंतर शब्द बदलायचा नाही."

श्रीनिवासनं दाराची चौकट धरली. मी मालकांच्या तोंडाकडं बघायला लागले, आता दोघांचीही नोकरी गेली म्हणून. बायर तिकडून हॅलो, हॅलो करत होता.

मालकांनी त्याला हातानंच थांबवलं आणि खुर्चीत मागं वळले.

"कळव तिला," ते श्रीनिवासला म्हणाले, "आता बदलायला येत नाही म्हणावं. माल निघालाय."